एकच उच्चार, तीन अर्थ: जपानी ‘हाशी’ कसं पक्कं करायचं

जपानी शिकताना नुसती शब्दांची यादी पाठ करत बसू नका, शब्द कायम क्रियापदासोबत पाठ करा. म्हणजे बघा, हाशी म्हणजे इंग्लिशमधे ब्रिज पण आणि चॉपस्टिक्स पण, आणि एज म्हणजे कडा ती पण हाशीच!! मी पंचवटीत जाताना होळकर पुलावर रोज मनात म्हणायचे ‘हाशी ओ वातारू’, पूल ओलांडते, आणि घरी जेवताना ‘हाशी दे ताबेरू’, चॉपस्टिक्सने खाते. आठवड्यात पक्कं झालं. आपण नाही का ‘नाव’ म्हटलं की गोदावरीतली की माणसाचं ते पुढच्या शब्दावरून ओळखतो, अगदी तसंच.

दुसरं म्हणजे सूर. टोकियोच्या बोलीत आमे मधला ‘आ’ उंच म्हटला तर रेन, आणि ‘आ’ खाली ‘मे’ वर गेला तर कँडी. कामीचंही तसंच, ‘का’ उंच असेल तर गॉड, पण पेपर आणि हेअर दोन्ही सुरातही सारखेच, तिथे कांजीच, म्हणजे चिनीतून आलेली लिहायची अक्षरंच बघावी लागतात. आणि हो, ओसाका-क्योतोकडे हे सूर बदलतात, त्यामुळे ऑडिओ ऐकताना बोलणारा कुठला आहे ते आधी बघून घ्या.