व्हीईजीएफ हळूहळू सोडणारे अल्जिनेटचे मणी: आधी लायसोझाइमवर हात बसवा

गाईडने व्हीईजीएफची (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं महागडं प्रोटीन) ती मायक्रोग्रॅमवाली इवलीशी बाटली हातात दिली की आपण लगेच प्रयोगाला बसतो आणि तिथेच माती खातो. मी खाल्लीये. म्हणून पहिले दोन-तीन राउंड लायसोझाइमवर करा, अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन, स्वस्त, आणि ७.४ पीएचला व्हीईजीएफसारखाच पॉझिटिव्ह चार्ज. बरेच जण बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेतात पण तो निगेटिव्ह, अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातला कॅल्शियमने जेल होणारा पदार्थ, तोही निगेटिव्ह, म्हणजे धरून ठेवणारं कोणीच नाही. लायसोझाइम आकाराने लहान आहे त्यामुळे आकडे जसेच्या तसे जुळणार नाहीत, पण हात बसतो.

एवढा खटाटोप कशाला, तर व्हीईजीएफ रक्तात फार टिकत नाही आणि एकदम भरपूर सोडला तर वाहिन्या येतात पण गळक्या, जुन्या चाळीतल्या पाइपसारख्या. थोडा थोडा बरेच दिवस मिळायला हवा.

सोडियम अल्जिनेट २ टक्के, सलाईनमध्ये, रात्रभर स्टररवर. घाईत पावडर एकदम टाकली तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, भुरभुरत टाका. त्यात लायसोझाइम १ मिग्रॅ प्रति एमएल. मग १०० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे डायहायड्रेट असेल तर १०० एमएलला १.४७ ग्रॅम. पावसाळ्यात मुंबईत ही बाटली उघडी राहिली की पावडर पाणी शोषून चिकट होते आणि वजन चुकतं, नवीन बाटली घ्या सरळ. या पाण्यात अल्जिनेट २६ गेजच्या सुईतून थेंब थेंब सोडा, सुई पाण्याच्या फार जवळ असेल तर मण्यांना शेपट्या येतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसले की जमलं. १५ मिनिटं तसेच ठेवा, आणि ते कॅल्शियमचं पाणी फेकू नका, त्यात किती प्रोटीन निसटलं ते मोजायचंय.

आता माझा घोळ. रिलीजसाठी, म्हणजे मण्यांतून प्रोटीन किती बाहेर येतं ते बघायला, मी सवयीने पीबीएस (फॉस्फेटवालं सलाईन) घेतलं, ३७ डिग्रीला ठेवलं, दुसऱ्या दिवशी ट्यूब बघते तर मणीच नाहीत! नुसतं चिकट पाणी. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि जेल सुटतं, लेक्चरमध्ये शंभरदा ऐकलेलं. तर ट्रिस बफर घ्या, सलाईनसकट, वर २ मिलीमोलर कॅल्शियम.

नमुने घ्यायचे १, २, ४, ८, २४ तासांनी, मग ३, ५, ७ दिवसांनी. दरवेळी ५०० मायक्रोलिटर काढा, तेवढंच ताजं घाला, आणि बेरीज करताना आधी काढलेलं धरायला विसरू नका, नाहीतर ग्राफ मध्येच खाली येतो, एकूण रिलीज खाली कसा येईल सांगा. प्रोटीन मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८० नॅनोमीटरला वाचा, सोबत प्रोटीन नसलेले रिकामे मणीही ठेवा. शेवटी उरलेले मणी सायट्रेटमध्ये (तेही कॅल्शियम ओढून घेतं) विरघळवून मोजा म्हणजे हिशोब लागतो.

पहिल्याच दिवशी बरंचसं बाहेर आलं तर पुढच्या बॅचमध्ये अल्जिनेटला हेपारिन जोडून बघा, नुसतं मिसळलं तर तेही बाहेर येतं. व्हीईजीएफचे प्रकार असतात, १६५ हेपारिनला धरतो, १२१ नाही, ऑर्डर देताना नंबर वाचा. व्हीईजीएफ मोजायला एलायझा (अँटीबॉडीवाली टेस्ट), आणि ट्यूबला चिकटू नये म्हणून बफरमध्ये ०.१ टक्के बीएसए, इथे तो कामाचा. पुढे पीडीजीएफही (वाहिन्या पक्क्या करणारं दुसरं प्रोटीन) घालता येतो, २००१ साली संशोधक डेव्हिड मूनींच्या ग्रुपने दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सोडून जास्त पक्क्या वाहिन्या दाखवल्या, पण ते नंतर.

मग वाहिन्या खरंच वाढतात का ते बघायला कोंबडीच्या अंड्यावर टेस्ट. वाण्याकडची अंडी चालत नाहीत, फलित हवीत, हॅचरीतून. आणि ट्रे घेऊन सकाळी साडेनऊच्या लोकलमध्ये चढू नका.