बेळगावच्या पावसाचा अभ्यास क्लाउडवर करताना

घाटमाथ्याला कणकुंबी, पूर्वेला अथणी. जिल्हा एकच, पाऊस मात्र दोन वेगळ्या मुलखांचा. जागतिक हवामान मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं, आणि त्याचा एक चौकोन बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असतो. कणकुंबी, खानापूर आणि बेळगाव शहर त्यात एकत्रच जाऊ शकतात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी ईआरए५ हा डेटासंच उघडायला लावते. निरीक्षणं आणि मॉडेल यांची सांगड घालून केलेली ही तासातासाची नोंद १९४० पासूनची आहे, चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. सह्याद्रीची धार त्यातही बोथट होतेच, हे धरून चाला.

डेटा लॅपटॉपवर उतरवू नका. गूगल क्लाउडवर त्याची झार स्वरूपातली, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी साठवलेली, खुली प्रत आहे. तिच्यात एकेका तासाचा जगाचा नकाशा हा एक तुकडा असतो: दहा लाखांवर बिंदू, साधारण ४ एमबी. आपल्याला बेळगावपुरतंच हवं असलं तरी तो तुकडा अख्खा वाचावा लागतो, म्हणजे वर्षभराच्या नुसत्या पावसाला सुमारे ३६ जीबी. तेव्हा डेटा क्लाउडच्या ज्या केंद्रात आहे तिथंच भाड्यानं मशीन घ्या, एक्सअॅरे आणि डास्क ही पायथनची साधनं वापरून जिल्हा कापा आणि ती छोटी फाईल तेवढी घरी आणा.

स्पॉट मशीन, म्हणजे क्लाउडवरचं रिकामं पडलेलं मशीन, बरंच स्वस्त पडतं, पण ते मधेच काढून घेतलं जाऊ शकतं. महिन्यामहिन्याचं काम साठवत जा. बजेटचा इशारा फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांनी हे आधी वाचावं.

आता कापणी. अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे मांडलेले आहेत, म्हणून आधी १७ लिहा, मग १५. उलटं लिहिलंत तर हाती रिकामा संच येतो. पाऊस मीटरमध्ये आहे, मिलिमीटरसाठी हजारानं गुणा. सगळ्यात नाजूक बाब दिवसाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजता. ईआरए५ मधली वेळ तास संपल्याची. म्हणून यूटीसी ४ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या ३ पर्यंतच्या चोवीस आकड्यांची बेरीज करा, तरच खात्याच्या पाव अंशाच्या चौकोनांच्या नोंदींशी तुलना होईल.

ऑगस्ट २०१९ काढून बघा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आला ते दिवस आलेखात उठून दिसायला हवेत. मगच सीएमआयपी६ कडे, म्हणजे जगभरच्या हवामान मॉडेलांच्या एकत्र संचाकडे, वळा. तेही क्लाउडवर आहे. तिथं मात्र २०१९ चा पूर शोधू नका. त्यातला ऐतिहासिक भाग २०१४ ला संपतो आणि मॉडेलला तारीख ठाऊक नसते. तीस वर्षांच्या सरासरीशी तीस वर्षांची सरासरी ताडून बघा.