गणपती ते दिवाळी: कामाच्या धबडग्यात चित्रकारानं हात सैल कसा सोडायचा

मी चित्रं काढते, दिवाळी अंकांमधली कथाचित्रं, मंडळांच्या अहवालांची कव्हरं, अधूनमधून सुलेखन, म्हणजे अख्खं जग सण साजरे करत असतं तेव्हाच आमचा सीझन असतो. तीन वर्षांपूर्वी मी समोर आलेलं सगळं काम घेतलं, कोणालाच नाही म्हटलं नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं काढायला बसले तर हात चालेना. मूठ टेकवायची, वर पाच ठिपके द्यायचे, एवढंच तर असतं, पण प्रत्येक पाऊल काढून झालं की मी थांबून बघत होते की ह्यात आता करेक्शन काय येणार. त्या दिवशी खूप रडले. तेव्हापासून जे करते ते सांगते, लेखक, फोटोग्राफर, शिवणकाम करणारे, सगळ्यांनाच चालेल.

सगळ्यात आधी कॅलेंडर, आणि ते आषाढातच उघडायचं, गणपती तोंडावर आल्यावर नाही. २०२६ चंच घ्या, अधिक महिन्यामुळं सण पुढं गेलेत, १४ सप्टेंबरला गणपती आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणजे मधे ५५ दिवस. आता ह्यात आधी काम न करायचे दिवस भरायचे, गणपती-गौरीचे ६, खंडेनवमी-दसरा २, दिवाळीचे पहिले ४, रविवार ८, झाले २०. उरले ३५. टाकानं (शाईत बुडवून चालवायच्या पेननं) नीट काढलेल्या एका चित्राला मला अडीच दिवस लागतात, म्हणजे १४ चित्रं, पण अंकवाल्यांना दसऱ्याच्या बऱ्याच आधी चित्रं हवी असतात आणि कथा काही वेळेवर हातात येत नाहीत, म्हणून मी १० वर थांबते. तुमचा आकडा वेगळा येईल, पण आकडा काढाच, नुसतं "बघू, जमवू" म्हणत राहिलं की रात्री जागून जमवावं लागतं.

नाही म्हणायचा मेसेज आधीच लिहून ठेवा, कारण समोरच्याचा फोन आला की आपण विरघळतो. माझा असा आहे: "दादा, विचारलंत बरं वाटलं. दिवाळीपर्यंत हात मोकळा नाही, घाईत केलं तर तुम्हालाही आवडणार नाही. तुळशीच्या लग्नानंतर चालणार असेल तर आत्ताच तारीख धरून ठेवते." निम्मे लोक खरंच थांबतात.

मग पितृपंधरवडा. अनंत चतुर्दशीनंतर (२०२६ मध्ये २५ सप्टेंबर) घटस्थापनेपर्यंत (११ ऑक्टोबर) बरेच लोक नवीन काही सुरू करत नाहीत, उद्घाटनं नाहीत, खरेदी नाही, त्यामुळं फोन आपोआप कमी होतात. आपण काय करतो, तर राहिलेलं काम त्यात कोंबतो. मी दुपारनंतर काम करते, सकाळ मात्र स्वतःची, स्केचबुक घेऊन गॅलरीत बसायचं, पानावर ठेवलेली खीर आणि वडे टिपायला येणारा कावळा काढायचा, तो दोन सेकंद बसतो, उडतो, परत येतो, त्याच्या वेगानं काढता येतच नाही, बघत बसावं लागतं. तेच हवंय.

खंडेनवमीला हत्यारं खाली ठेवायची, हा आपल्याकडं रिवाजच आहे, आणि मला वाटतं कलाकारानं तो मनापासून पाळावा. माझे बाबा कारखान्यातल्या मशीनला झेंडूची माळ घालायचे, त्या दिवशी मशीन बंद. मी आदल्या रात्री टाकाच्या निबा कोमट पाण्यात टाकते, सुकलेली शाई जुन्या दात घासायच्या ब्रशनं हळूहळू निघते, पाण्यात काळे धागे सुटतात, मग निबा लगेच कोरड्या पुसायच्या नाहीतर गंजतात. ब्रश धुवून टोक जुळवून आडवे, शेजारी टॅबलेटचा पेनसुद्धा, सगळ्याला हळदकुंकू (पेनच्या टोकाला नको, डब्याला लावा). दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची आणि मगच हत्यारं उचलायची. ती सरस्वती कोणाला पाठवायची नाहीये, पुसलीच जाणारे.

आता घरातलं. हे बायकांना जास्त लागू आहे आणि इथं स्पष्ट बोलायला हवं, कारण काम कमी घेऊन मोकळा झालेला वेळ फराळात आणि साफसफाईत गेला तर तो मोकळा वेळच नव्हे. मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, मी एकच पदार्थ करणार, चकली, कारण ती पाडायला मला आवडतं, बाकी बचतगटाच्या ताईंकडून येईल आणि माळे नवरा आणि मुलगा काढतील. पहिल्या वर्षी सासूबाई थोड्या नाराज होत्या, दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच करंज्या बाहेरून मागवल्या.

रांगोळी मात्र रोज, पण छोटी, सात ठिपके सात ओळी. गेरू वाळू द्यायचा, चिमूट सोडायची, आणि फोन आत ठेवायचा, फोटो काढायचाच असेल तर संध्याकाळी, पणती लावल्यावर.

भाऊबीज झाली की आठवडाभर काही घ्यायचं नाही. त्या आठवड्यात मी दिवाळी अंक वाचते, पालथं पडून, पहिल्या पानापासून. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा सगळा खटाटोप सणाच्या निवांत दुपारी लोकांनी वाचत बसावं म्हणून चाललाय, आणि मी कित्येक वर्षं त्यात चित्रं काढून अंक न उघडताच कपाटात ठेवत होते. आता ज्या कथेला चित्र काढलं ती सगळ्यात शेवटी वाचते, छापलेल्या पानावर, शेजारी चकलीची ताटली.