दोन मिलिमीटरच्या जागेतली स्प्रिंग: नव्या डिझायनरसाठी अनुभवाचे चार शब्द

फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात रुजू झालो, तेव्हा स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली तार, एवढीच माझी समजूत होती. पहिलेच काम हाती आले ते पंपाच्या मोटरमधील शाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘एंड प्ले’, काढून टाकण्याचे. बेअरिंग आणि झाकण यांच्यामध्ये जागा होती जेमतेम दोन मिलिमीटर. तेवढ्यात तारेची स्प्रिंग मावत नाही. तिथे वेव्ह वॉशर, म्हणजे पातळ पोलादी पट्टीचे लाटांसारखे वाकवलेले कडे, बसवतात.

हा ढिलेपणा वाईट कारागिरीमुळे येतो असे नवख्याला वाटते. वास्तविक प्रत्येक भाग ड्रॉइंगप्रमाणे अचूक असला तरीही तो येतोच. ६२०३ क्रमांकाच्या बेअरिंगची रुंदी १२ मिलिमीटर असते, पण साधारण दर्जाच्या बेअरिंगमध्ये ती ०.१२ मिलिमीटरने कमी असण्याची मुभा असते. दोन बेअरिंगांचे मिळून ०.२४ झाले, त्यात शाफ्टच्या खांद्यांमधील अंतर, बॉडीची लांबी आणि झाकणाची खोली यांच्या सवलती, म्हणजे मापातील मान्य फरक, मिळवल्या की आमच्या मोटरमधील दोन मिलिमीटरची जागा प्रत्यक्षात १.७ पासून २.३ पर्यंत कुठेही असू शकत होती. शिवाय ॲल्युमिनियमची बॉडी पोलादी शाफ्टपेक्षा जवळपास दुपटीने प्रसरण पावते. २०० मिलिमीटर लांबीत ४० अंशांची वाढ झाली, तर जवळजवळ ०.०९ मिलिमीटरचा फरक आणखी पडतो. प्रत्येक मोटर मोजून शिम, म्हणजे हवी तेवढ्या जाडीची पातळ चकती, घालता येते, हे खरे, पण तापलेल्या मोटरमागे शिम सरकत नाही. स्प्रिंग सरकते.

आता माझी चूक सांगतो. लहान मोटरच्या बेअरिंगवर आवाज कमी राहावा म्हणून किती दाब असावा, याचा एक प्रचलित ठोकताळा आहे: बेअरिंगच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि त्याला ५ ते १० ने गुणावे, म्हणजे न्यूटनमध्ये दाब मिळतो. १७ मिलिमीटर भोकासाठी तो ८५ ते १७० न्यूटन येतो. मी मधला १२८ चा आकडा धरला, बरोबर २.० मिलिमीटर उंचीवर तेवढा दाब देणारी स्प्रिंग शोधली आणि समाधानाने ड्रॉइंगवर सही केली. त्या स्प्रिंगचा ताठपणा, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबली की वाढणारा दाब, होता दर मिलिमीटरला २५० न्यूटन. जागा २.३ निघाली की दाब ५३ वर घसरायचा आणि मोटर खडखडायची, जागा १.७ निघाली की तो २०३ वर चढायचा आणि बेअरिंग तापायचे. चाचणीच्या टेबलावर निम्म्या मोटरी ठीक आणि निम्म्या बिघडलेल्या, असे चित्र दिसले की आपण फिटरला दोष देतो. मीही दिला.

हिशेब खरे तर उलट्या टोकापासून करायचा असतो. चालू शकणाऱ्या दाबाचा पल्ला, ८५ पासून १७० पर्यंत, ८५ न्यूटनांचा आहे आणि जागेतील फरक ०.६ मिलिमीटर आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ताठपणाची कमाल मर्यादा मिळते, सुमारे १४१. त्याहून मऊ स्प्रिंगच घ्यायची, आणि जितकी मऊ मिळेल तितकी बरी. आम्ही शेवटी ६० ची घेतली. तिची मोकळी, म्हणजे न दाबलेली, उंची सुमारे ४.१ मिलिमीटर होती आणि दाब ११० ते १४६ च्या बाहेर जात नव्हता.

स्प्रिंग मऊ करताना हात कुठे घालायचा, हेही समजून घ्यावे. ताठपणा जाडीच्या घनाने आणि लाटांच्या संख्येच्या चौथ्या घाताने बदलतो. तीनऐवजी चार लाटा केल्या की तो तिपटीहून अधिक होतो, आणि ०.४० जाडीच्या पट्टीत ०.०२ चा फरक पडला तरी पंधरा टक्क्यांच्या आसपास दाब बदलतो. म्हणून पट्टीच्या जाडीची सवलत पुरवठादाराच्या मर्जीवर सोडू नये. दाबल्यावर वॉशर सपाट होताना बाहेरच्या बाजूने पसरतो, त्यामुळे घराच्या, म्हणजे बेअरिंग आणि वॉशर ज्या गोल पोकळीत बसतात तिच्या, व्यासात त्याला मोकळीक हवी. ती विसरलात तर वॉशर भिंतीला अडतो आणि सगळा हिशेब वाया जातो.

आपल्याकडच्या हवेचा अनुभव पुस्तकात मिळत नाही. पावसाळ्यानंतर समुद्राजवळून काही मोटरी खडखडत परत आल्या. मी स्प्रिंग पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो, तेव्हा आमचे वयस्क फिटर म्हणाले, “स्प्रिंग बरी आहे बाब, पण बेअरिंग सरकतंय कुठं?” बेअरिंगची बाहेरची रिंग घरात गंजाने चिकटली होती. स्प्रिंग ज्याला ढकलते त्या बेअरिंगला सरकण्यापुरती सैल बसवणूक द्यावी लागते, आणि दुसरे बेअरिंग पक्के धरावे लागते. दमट, खारट हवेत ही सैल बसवणूक गंजापासून जपणे हे स्प्रिंगइतकेच महत्त्वाचे काम आहे. गंजाच्या धास्तीने काहीजण कार्बन पोलादाच्या स्प्रिंगला झिंकचा मुलामा देतात. त्यात हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होते, म्हणून मुलाम्यानंतर चार तासांच्या आत सुमारे २०० अंशांवर भट्टीत तापवण्याची अट ड्रॉइंगवर लिहावी. माझे मत विचाराल तर महाग पडले तरी १७-७ पीएच हे स्प्रिंगसाठी वापरले जाणारे स्टेनलेस पोलाद घ्यावे.

मोठा दाब आणि अगदी थोडी हालचाल हवी असेल, उदाहरणार्थ बोल्टचा ताण टिकवायचा असेल, तर बेलव्हिल वॉशर योग्य. फ्रान्समध्ये १८६७ साली पेटंट झालेली ही बशीसारखी स्प्रिंग एकात एक रचली की दाब वाढतो, पाठीला पाठ लावून रचली की हालचाल वाढते. बशीची पोकळ उंची (पट्टीची जाडी वगळून उरणारी खोली) जाडीच्या १.४ पटीजवळ ठेवली, तर काही अंतरभर दाब जवळजवळ स्थिर राहतो, आणि ढिलेपणा घेण्यासाठी हा गुण फार उपयोगी आहे.

पुरवठादाराला लिहिताना नुसता दाब कळवू नये. शाफ्टचा आणि घराचा व्यास, जागेची किमान व कमाल उंची, त्या दोन्ही उंचींवरचा दाब, तापमान आणि हवामान, एवढे कळवावे. नमुने आल्यावर प्रत्येक स्प्रिंग पूर्ण सपाट होईपर्यंत दोनतीनदा दाबावी आणि त्यानंतरच मोजावी, कारण नवी स्प्रिंग पहिल्या दाबात थोडी बसते, म्हणजे तिची उंची कायमची जराशी घटते, आणि पहिले माप मोटरमध्ये कधीच भेटत नाही.