भाजलेला लसूण आणि पांढऱ्या राजम्याचे स्प्रेड: प्रात्यक्षिकाची तयारी आणि कृती

पाककृतीच्या प्रात्यक्षिकासाठी हे स्प्रेड उत्तम आहे, पण त्याची वेळेची विभागणी विचित्र आहे. राजमा रात्रभर भिजतो, नंतर तास-दीड तास शिजतो. लसूण भाजायला पाऊण तास लागतो. आणि लोकांसमोर करायचे वाटणे मात्र पाच मिनिटांत आटोपते. सगळे प्रात्यक्षिक या पाच मिनिटांभोवती रचले, तर पाहणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. माझ्या मते भर दोन गोष्टींवर असावा: भाजताना लसणात होणारा बदल आणि शेवटी मीठ, आंबटपणा व तेल यांनी चव बसवण्याची रीत. घरी करताना बहुतेकांचे स्प्रेड बिघडते ते याच दोन ठिकाणी.

सुमारे 50 जणांना प्रत्येकी एक मोठा चमचा चव देण्यासाठी 250 ग्रॅम कोरडा पांढरा राजमा घ्यावा. शिजल्यावर त्याचे वजन सुमारे 600 ग्रॅम होते. त्याला लसणाचे दोन मोठे गड्डे, 60 मिलिलिटर ऑलिव्ह तेल, 45 मिलिलिटर लिंबाचा रस, सव्वा छोटा चमचा मीठ, चिमूटभर मिरपूड आणि राजमा शिजलेल्या पाण्यापैकी साधारण 100 मिलिलिटर एवढे पुरते. लसूण भाजताना लागणारे तेल यातूनच घ्यावे. दाखवण्यासाठी लसणाचे आणखी दोन गड्डे लागतील, ते वेगळे धरावेत.

राजमा आदल्या रात्री भिजत घालावा. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ घातले, तर मिठातील सोडियम सालीच्या पेक्टिनमधल्या (पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या घटकातल्या) कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ शिजते. मिठाने राजमा कडक राहतो हा समज दूर करण्यासाठी हा मुद्दा लोकांपुढे मांडणे आवश्यक आहे. शिजण्यात खरा अडथळा आणतो तो आंबट पदार्थ, आणि म्हणून लिंबू किंवा टोमॅटो शिजवताना कधीही घालू नये. हवा उष्ण असेल तर भिजवण्याचे भांडे फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे पाणी आंबत नाही. सकाळी पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात राजमा आधी किमान 10 मिनिटे खळखळून उकळावा, मगच आच कमी करावी. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. ते लाल राजम्यात सर्वांत जास्त आणि पांढऱ्यात कमी असले, तरी उकळण्याची ही पायरी कोणत्याही राजम्यासाठी वगळू नये. स्लो कुकरमधील तापमान पुष्कळदा उकळीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे न उकळलेला राजमा थेट त्यात घालणे धोक्याचे ठरते. श्रोत्यांमध्ये असे भांडे वापरणारे कोणी तरी असतेच, म्हणून हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

राजमा शिजला की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नये. भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतले चार-पाच दाणे घेऊन ते जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबावेत. प्रत्येक दाणा विनासायास विरघळला पाहिजे आणि मध्यभागी पिठूळ कण लागता कामा नये. स्प्रेडसाठी राजमा भाजी-आमटीपेक्षा अधिक मऊ हवा. दाणे फुटू लागले तरी हरकत नाही. पाणी फार जड असेल आणि राजमा शिजतच नसेल, तर चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो. मात्र तो जास्त झाला की साबणासारखी चव येते. शिजलेले पाणी फेकू नये, कारण त्यात उतरलेले स्टार्च आणि प्रथिने पुढे तेलाला धरून ठेवतात.

लसणाच्या गड्ड्याचा वरचा भाग असा कापावा की प्रत्येक पाकळीचे टोक उघडे पडेल. त्यावर एक छोटा चमचा तेल सोडून गड्डा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावा आणि 200 अंश सेल्सिअसवर 40 ते 45 मिनिटे भाजावा. पाकळी दाबल्यावर लोण्यासारखी मऊ लागली आणि तिचा रंग फिकट बदामी झाला की ती तयार झाली. गडद तपकिरी होऊ दिली तर कडवटपणा येतो आणि तो लिंबानेही झाकला जात नाही. या बदलाचे कारण लोकांना आवडीने ऐकावेसे वाटते: कच्चा लसूण कापला किंवा ठेचला की पेशी फुटतात, अॅलिनेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि तिखट अॅलिसिन तयार होते. अख्ख्या पाकळ्यांना उष्णता लागली की हे विकर निष्क्रिय होते, तर दुसरीकडे लसणातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या प्रक्रियेतून गोडसर, खमंग वास येतो. म्हणून पाकळ्या आधी ठेचून भाजल्या तर हा परिणाम तितका साधत नाही.

ओट्यावर लसणाच्या तीन अवस्था एकत्र मांडाव्यात: कच्चा कापलेला गड्डा, त्याच वेळी ओव्हनमध्ये जाणारा गड्डा आणि आधीच भाजून थंड झालेला गड्डा. कापणे आणि गुंडाळणे समोर करून दाखवावे, ओव्हनचे दार बंद करावे आणि तयार गड्ड्यातून पाकळ्या पिळून काढाव्यात. गर बाहेर येताना दिसणे हे या प्रात्यक्षिकातले सर्वांत बोलके दृश्य आहे. त्यासाठी पांढरे ताट वापरावे आणि घाई करू नये.

वाटताना राजमा कोमट असावा. थंड झाल्यावर त्यातील स्टार्च घट्ट होते आणि कितीही वाटले तरी पोत रवाळ राहतो. राजमा, लसणाचा गर, मीठ आणि निम्मे राखलेले पाणी प्रथम बारीक वाटावे. यंत्र सुरू असताना बोलू नये. काय होणार आहे ते आधी सांगावे आणि मग शांतपणे वाटावे. भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये, कारण गरम पदार्थाची वाफ झाकण उडवू शकते. उरलेले पाणी लागेल तसे घालून मिश्रण चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत सैल करावे, कारण थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होते. ऑलिव्ह तेल मात्र वेगवान ब्लेंडरमध्ये कडवट होऊ शकते, म्हणून ते शेवटी भांड्यात हाताने ढवळून मिसळावे.

चव बसवण्याचा भाग लोकांच्या जिभेवर घडवून आणावा. लिंबू घालण्यापूर्वी थोडे मिश्रण दोन-तीन जणांना चाखायला द्यावे, मग रस घालून पुन्हा द्यावे. पहिल्या चमच्यात लसणाचा गोडवा सपाट वाटतो, दुसऱ्यात तोच उठून येतो. मीठही याच क्रमाने थोडे-थोडे वाढवावे. चाखण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र चमचा हवा. वापरलेला चमचा भांड्यात पुन्हा जाऊ नये.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. तेलात ठेवलेला लसूण खोलीच्या तापमानाला राहिल्यास क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक विष तयार करणाऱ्या जीवाणूला अनुकूल वातावरण मिळते आणि त्याची बीजाणुरूपे भाजण्याने किंवा उकळण्याने नष्ट होत नाहीत. म्हणून भाजलेला लसूण 4 अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ठेवावा आणि चार दिवसांत वापरावा. तयार स्प्रेड बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीतून न्यावे आणि बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवावे. तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच मानावा. वाटपापूर्वी सर्व घटक मोठ्याने वाचून दाखवावेत आणि तिळाची पेस्ट घातली असेल तर ती नक्की सांगावी, कारण तिळाची अॅलर्जी तीव्र असू शकते. टेबलावर उघडे राहिलेले स्प्रेड टाकून द्यावे. पेटीत बंद राहिलेले फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते आणि दुसऱ्या दिवशी लसणाची चव अधिक मुरलेली लागते.