जेटीवरच्या विजेवर बोटीची बॅटरी चार्ज करताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या ६१ दिवसांत बॅटरी नुसती पडून राहिली की आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ऑगस्टात सेल्फ मारला की फक्त ‘टक्’ वाजतं. दर तीन-चार आठवड्यांनी चार्ज केली तर हे टळतं. पण आधी जेटीवरचं बघा, बॅटरीचं नंतर.

बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच (बरेचजण तिला अजून ईएलसीबीच म्हणतात). तिचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही तर त्या बोर्डावरून वीज घेऊ नका. महागडा चार्जर नसला तरी चालेल, हिच्याशिवाय नाही.

केबल तीन कोरची, रबरी, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. १२ व्होल्टचा २० अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टवर जेमतेम दोन अँपिअर खेचतो. जाड केबल लागते ती घासण्या-ओढण्यात टिकावी म्हणून. मधे टेप गुंडाळलेला जोड नको. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, तेव्हा केबलला तेवढी ढील द्या, पण तिचा झोळ पाण्यात बुडता कामा नये. केबल आधी बोटीकडे जोडा, मग जेटीवर. काढताना आधी जेटीवरची. उलटं केलंत तर जिवंत टोक हातात घेऊन फळीवरून चालावं लागेल.

चार्जर ‘करंट मारतो’ म्हणून अर्थिंगची वायर कापणारे महाभाग आहेत. करंट मारतो म्हणजे आत कुठेतरी गळती आहे. वायर कापली की तुमचं अंगच अर्थिंग होतं. पावसाळ्यात तर जास्त जपायचं. खाडीचं पाणी गोडं होतं आणि गळतीचा करंट खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात पोहणाऱ्याच्या अंगातून सहज जातो. चार्जिंग चालू असताना बोटीच्या आसपास पोरांना उतरू देऊ नका.

अर्थिंगची एक अडचण मात्र खरी आहे. शेजारच्या बोटीही त्याच वायरीने जोडल्या जातात आणि धातूधातूंमधल्या करंटने तुमचं झिंक (बोटीचा धातू गंजू नये म्हणून लावलेली जस्ताची वडी) झपाट्याने झिजतं. त्यावर उपाय म्हणजे अर्थिंग न तोडता हा करंट अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, पकड नव्हे.

आता बॅटरी. सेलची बुचं उघडून बघा. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण पातळी चार्जिंगनंतर, कारण चार्ज होताना पाणी वर येतं. समुद्राचं पाणी सेलमध्ये गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. टर्मिनलवरचा पांढरट-हिरवा थर सोड्याच्या पाण्याने धुवा, बुचं लावून.

करंट क्षमतेच्या दहा टक्के ठेवा, १३० अँपिअर-अवरला १३ अँपिअर. व्होल्टेज १४.४, भरल्यावर १३.५ च्या आसपास. अर्धी उतरलेली बॅटरी आठ-दहा तास घेते. २४ व्होल्टच्या बोटीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. १२ चा चार्जर असेल तर मधली पट्टी काढून एकेक चार्ज करा. लिथियम असेल तर हे आकडे विसरा, तिचा चार्जर वेगळा.

शेवटी शेवटी सेल खदखदू लागतात, तो हायड्रोजन. हवेत चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. तो वर छताला साठतो, म्हणून इंजिनखोलीचं झाकण उघडं हवं. स्वयंपाकाचा गॅस उलट तळाशी बसतो, म्हणून सिलिंडर आधीच बंद करा. विडी-सिगारेट बाहेर.

चिमटे लावताना चार्जर बंद. आधी लाल, मग काळा, मग स्विच. काढताना आधी स्विच, मग काळा, शेवटी लाल. चालू चार्जरचा चिमटा ओढला की ठिणगी पडते, तीही नेमकी त्या वायूच्या तोंडाशी. बॅटरीचं कवच हाताला चांगलंच गरम लागलं तर तिथेच थांबा.

चिमटे काढून बारा तासांनी मल्टीमीटर लावा: १२.६ ते १२.७ आलं तर ठीक. मग हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल मोजा. पाच सेल १.२६० आणि एकच १.२०० दाखवत असेल, तर तो सेल गेला. अशी बॅटरी कितीही तास लावून ठेवली तरी उठत नाही, उलट बाकीचे सेल जास्त चार्ज होऊन उकळतात.