जुन्या गाडीचे नवीन स्टिअरिंग पार्ट बसवताय? आधी हातात घेऊन हे बघा

सगळ्यात आधी एक सांगतो, जुना पार्ट काढला की लगेच भंगारात टाकू नका. नवा बरोबर आहे की नाही ते सांगणारी एकच खात्रीची वस्तू तुमच्याकडे असते, आणि ती म्हणजे तो झिजलेला, ग्रीसने काळा पडलेला, पण गाडीबरोबर कंपनीतून आलेला जुना तुकडा.

क्लासिक गाड्यांचं असं आहे की मूळ कारखान्याने ते पार्ट बनवणं कधीच सोडलंय, मागणी थोडीच असते, मग कुणीतरी नमुना बघून छोटा लॉट काढतं आणि एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये पण फरक निघतो. इंजिनचा पार्ट कच्चा निघाला तर गाडी बंद पडेल, तुम्ही वैतागाल, एवढंच. पण टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या जॉइंटचा, बॉल कपातून निसटला की ते चाक स्टिअरिंगचं ऐकतच नाही, हवं तिकडे वळतं, आणि तेव्हा करण्यासारखं फार काही हातात राहत नाही. म्हणून इथे "चालून जाईल" म्हणायचं नाही.

ऑर्डर टाकण्याआधी नक्की ढिलं काय झालंय ते शोधा. गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले, इंजिन बंद. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची, जिथे एक बाजू हलते आणि दुसरी मागून उशिरा हलते तिथे प्ले आहे. आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) विसरू नका, बऱ्याचदा खरा दोषी तोच असतो आणि लोक चारही टाय रॉड एंड बदलून बसतात. आणि प्ले दिसला की स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचं फिरणं दांड्यांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीचा) स्क्रू आवळायचा ही सवय तर फारच वाईट. बॉक्स मधल्या भागात, म्हणजे सरळ चालताना, सगळ्यात जास्त झिजतो, त्यामुळे मधला प्ले पूर्ण जाईपर्यंत आवळलात की वळणावर बॉक्स जाम होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही.

आता पार्ट हातात आलाय. त्याच्या खोक्यावरच्या नावावर फार जाऊ नका, नावं विकली जातात, कंपन्या एकमेकांना विकत घेतात (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफने 2015 मध्ये तशीच दुसरी कंपनी टीआरडब्ल्यू घेतली), आणि नकली खोकं छापणं अवघड नाही. पार्टच्या अंगावर नंबर किंवा मार्क आहे का, तो साफ उमटलाय का ते बघा. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत, बारीक छिद्रं असलेला असेल तर मी तो पार्ट सरळ परत पाठवतो. घडीव तुकड्यावर साच्याची रेघ सहसा रुंद, घासून काढलेली दिसते, ओतीव तुकड्यावर बारीक. नुसत्या यावरून निकाल लावू नका, पण मूळ पार्ट घडीव असेल आणि नवा ओतीव वाटत असेल तर विकणाऱ्याला विचारा आणि सरळ उत्तर मिळत नसेल तर घेऊ नका.

टेपर, म्हणजे पिनचा निमुळता भाग, हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा आणि सगळ्यात कमी लोक तपासतात. जुना आणि नवा शेजारी ठेवून वर्निअरने दोन्ही टोकांचा व्यास मोजा. मग नव्या पिनला निळ्या मार्किंग शाईचा एकदम पातळ थर लावून ती ज्या आर्ममध्ये बसते त्याच्या साफ केलेल्या भोकात दाबून थोडी फिरवा आणि काढा. शाई पूर्ण गोलाईवर आणि बऱ्यापैकी लांबीवर पुसली पाहिजे, नुसती वर किंवा खाली एक रिंग उमटली असेल तर टेपर जुळत नाही. माझ्याकडे एकदा असा एंड आला होता, दिसायला अगदी हुबेहूब, पण पिन भोकात जरा जास्तच आत जायची, कॅसल नट (वर खाचा असलेला नट) पूर्ण आवळला तरी स्प्लिट पिनचं, म्हणजे नट सुटू नये म्हणून त्या खाचांतून आरपार घालतात त्या तारेचं, भोक नटच्या वर राहायचं. खाली वॉशर टाकून चालवा असा सल्ला मिळाला. नाही चालवला, कारण अशी पिन भोकात रोज थोडी थोडी हलत राहते आणि शेवटी तुटते.

बॉल हाताने फिरवून बघा, नवीन जॉइंट घट्ट पण सगळीकडे सारखा फिरला पाहिजे, अटकतोय किंवा लुळा पडतोय तर नको. रबरी बूट दुमडून दाबा आणि घडीत बारीक चिरा शोधा. बूट फाटला की पाणी आणि माती आत आणि चांगला जॉइंट पण लवकर संपतो. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला न वापरलेला मूळ पार्ट मिळाला तर लोकांना फार आनंद होतो, धातूसाठी तो आनंद बरोबर आहे, पण त्यातलं रबर पडून पडून कडक झालेलं असतं आणि ग्रीस सुकलेलं, तेव्हा बूट नवा घाला. स्टिअरिंग शाफ्टमधल्या रबरी कपलिंगला पण हेच लागू.

काही गाड्यांचं स्वतःचं वेगळं दुखणं असतं. मॉरिस मायनरचं खालचं ट्रनिअन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा) आट्यांवर फिरतं, ग्रीस मिळालं नाही की आटे झिजून सुटतात आणि पुढचं चाक आत दुमडतं. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायरला तिथे ग्रीस नाही, ईपी 90 हे गिअर ऑइल लागतं. पार्ट कितीही चांगला आणा, चुकीचं वंगण घातलं तर उपयोग नाही.

अमेरिकेत 1968 पासून धडकेत दबणारा स्टिअरिंग कॉलम सक्तीचा झाला, त्यामुळे त्या काळातल्या आणि नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो असतो. तसा कॉलम असेल तर स्टिअरिंग काढताना शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायचा नाही, आतल्या प्लास्टिकच्या पिना तुटतात, पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापरा. स्टिअरिंगचा कुठलाही दांडा वेल्ड करणं, गरम करून वाकवणं हे तर अजिबातच नको.

बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ ठेवा. कॅसल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळा, मागे सैल करू नका. स्प्लिट पिन आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) दर वेळी नवीन. टाय रॉडवर एंड किती आटे आत होता ते काढताना मोजून ठेवा, एका बाजूचे आटे बहुतेक वेळा उलटे असतात. सगळं झालं की स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकचा पाइप, टायर कशाला घासत नाही ना बघा आणि लगेच टो अलाइनमेंट (पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते जुळवणं) करून घ्या. प्रत्येक नट आणि बोल्टवर मिळून पेंटची एक रेघ ओढा, 100 किलोमीटर चालवून परत खाली वाका, रेघ सरकलेली दिसली तर तो जॉइंट उघडून टेपर पहिल्यापासून तपासा.